बांध भाद्रपदात फुटला, शेत माघात गेलं

मांडवीच्या दक्षिण काठावर, कुंभारजुवे कालव्याच्या उत्तर तोंडापासून फार लांब नसलेलं एक खाजन आहे. गावाचं नाव देत नाही, कारण जमिनीचे वाद अजून मिटलेले नाहीत आणि माणसं रोज एकमेकांच्या समोर येतात. चाळीसेक हेक्टरांची सखल जमीन, नदीच्या बाजूला मातीचा बांध, बांधात दोन मानशी, म्हणजे पाण्याची दारं. एका भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला थोरल्या मानशीशेजारी बांध फुटला. भगदाड जेमतेम आठ-दहा हातांचं होतं आणि त्या वर्षीचं भातही सगळं गेलं नाही. वरच्या अंगाच्या कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, कापणी झाली. तरीही पुढची पाच वर्षं त्या खाजनात भाताची काडी उभी राहिली नाही.

हे कोडं मला सोडवायचं होतं. शेजारच्या गावात मी भूगोल शिकवतो. बांध फुटल्यापासून उच्च माध्यमिकच्या मुलांना घेऊन या खाजनाच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याची क्षारता आम्ही मोजत आलो, जुन्या माणसांशी बोललो, कागद चाळले. पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या आधीपासून गावकारीने, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेने, राखलेली ही व्यवस्था एका भगदाडाने मोडते, यावर माझा विश्वास बसत नव्हता. तो आजही बसत नाही.

दोन नद्या एका पात्रात

प्रकरण समजायचं तर आधी नदी समजायला हवी. म्हादई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते, सत्तरीतून गोव्यात उतरते आणि खाली मांडवी या नावाने वाहते. तिचं पाणलोट २,०३२ चौरस किलोमीटरचं. त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याची दर पाच वाट्यांतले दोन वाटे जमीन या एकाच नदीला पाणी देते. दूधसागरवरून येणारं पाणी खांडेपार नदीतून तिला मिळतं. वाळवंटी, डिचोलीची नदी, म्हापशाची नदी या उजव्या अंगाने येतात. दिवाडी, चोडण, जुवे ही बेटं तिच्याच पदरात आहेत. कुंभारजुवे कालवा तिला झुआरीशी जोडतो, त्यामुळे खालच्या भागात मांडवी आणि झुआरी वेगवेगळ्या नद्या राहत नाहीत, खाऱ्या-गोड्या पाण्याचं एकच जाळं होतं.

या जाळ्याचं एक वैशिष्ट्य पाठ्यपुस्तकात नीट येत नाही, पण आमच्या खाजनाचं नशीब त्यावर ठरतं. समुद्राची भरती मांडवीत शिरली की तिचा जोर लगेच विरत नाही. मुखापासून सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत भरती-ओहोटीतला फरक जवळजवळ तेवढाच टिकतो, आणि मग पुढच्या दहाएक किलोमीटरांत झपाट्याने विरतो. तळाशी घासून भरतीचा जोर कमी व्हायला हवा, पण पात्र आत आत निमुळतं होत जात असल्यामुळे तो कमी झालेला जोर भरून निघतो. पणजीला उधाणात सव्वादोन मीटरांच्या आसपास पाणी चढतं, आणि इतक्या आत असलेल्या आमच्या बांधालाही जवळपास तेवढंच चढतं. दिवसातून दोनदा.

भरती वर्षभर सारखी येते. तिच्याबरोबर येणारं पाणी मात्र बदलतं. वर्षाच्या पावसातला नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. त्या चार महिन्यांत घाटावरून आणि सत्तरीतून इतकं पाणी येतं की खारं पाणी पार मुखाकडे रेटलं जातं, आणि आमच्या बांधाला टेकणारी भरती बरीचशी गोड्या पाण्याची असते. पाऊस सरला, ओढे बारीक झाले की खारं पाणी एकेक कोस वर सरकू लागतं. मार्गशीर्षात तेच पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागतं. वैशाखात ते समुद्रासारखंच असतं. पात्र एकच, भरतीही तीच, पण शेताच्या दृष्टीने आषाढातली नदी आणि माघातली नदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हादईच्या पाणीवाटपावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात जो वाद आहे, त्यात सगळी चर्चा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वार्षिक बेरजेवर चालते. २०१८ च्या निवाड्यात लवादाने ७५ टक्के भरवशाचं, म्हणजे चारातल्या तीन वर्षी मिळेल असं, पाणी १८८.०६ टीएमसी धरलं आणि कर्नाटकाला खोऱ्याबाहेर वळवण्यासाठी कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचं मिळून ३.९ टीएमसी दिलं. आकडे वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्यातून एवढं गेलं तर काय बिघडलं? खाजन पाहणाऱ्याला वार्षिक बेरीज उपयोगाची नाही. त्याचा प्रश्न इतकाच असतो, की कार्तिकानंतर नदीत किती गोडं पाणी उरतं आणि खारटाची रेघ त्या वर्षी कुठवर चढते. तो विषय मोठा आहे, तो इथेच सोडतो.

मानस

गोव्यात जमिनीचे ढोबळ तीन प्रकार मानतात: उंचावरची मोरड, मधली खेर आणि सगळ्यात सखल खाजन. खाजनाची पातळी भरतीच्या पाण्याखाली असते. म्हणजे बांध नसेल तर रोज दोनदा बुडणारी ही जमीन आहे. नदीकडून घेतलेली, पण नदीने कायमची न दिलेली.

मानस म्हणजे बांधातलं दार. आमची थोरली मानस चिऱ्यांच्या बांधणीची आहे, दोन गाळ्यांची. प्रत्येक गाळ्याला वरून टांगलेलं जाड लाकडी दार. बाहेर भरती चढली की पाणीच दाराला बाहेरून आत दाबून चौकटीवर घट्ट बसवतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून निघून जातं. मोटर नाही, चाक नाही, माणसाचा हातही लागत नाही. दारांच्या पुढे-मागे चिऱ्यांत खाचा आहेत. हंगाम बदलताना त्यांत फळ्या बसवतात आणि दोन ओळींच्या मधे चिखल ठासून भरतात. आत मानशीला लागून पोंय असते, खोल पाण्याची. तिथून चर शेतभर जातात.

या साध्या यंत्रावर वर्षाचं वेळापत्रक उभं होतं. मृगाच्या पावसाने जमिनीतलं मीठ विरघळायचं, ओहोटीला मानशीतून बाहेर जायचं. दोन-तीन आठवडे जमीन अशी धुतली की मोड आलेलं कोरगुटाचं बियाणं टाकायचं. साध्या भाताला मातीतल्या ओलाव्याची क्षारता मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या वर गेली की उतारा घटू लागतो. कोरगुट त्यापेक्षा बरंच सोसतं, म्हणून तर ते खाजनाचं भात. आश्विन-कार्तिकात कापणी, आणि ती संपल्यावरच दारं उलटी चालवायची: भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला जाळ्यातून सोडायचं. सुंगटं, शेवटे, काळुंदर, चोणक, कुर्ल्या. ही मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. भाताचं आणि मासळीचं पाणी एकाच दारातून, पण महिने वेगळे.

१५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत गावकारीच्या रूढी लिहून काढल्या गेल्या, तेव्हाही या जमिनी सामायिक जबाबदारीच्या होत्या. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि राबणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला. ते न्याय्यच होतं. बांधाची जबाबदारी मात्र वैयक्तिक होऊ शकत नव्हती, म्हणून १९७५ च्या नियमांनी ती कुळांच्या संघटनेवर आली. कागदावर ही सोय चांगली आहे. पण गावकारीच्या काळात बांधावर रात्री फिरणारा माणूस नेमलेला असे. संघटनेच्या काळात अध्यक्ष आणि खजिनदार राहिले, बांधावर फिरणारा माणूस राहिला नाही.

फुटण्याच्या आधी

आमच्या खाजनात कूळ कुटुंबांतली पुढची पिढी नोकरीधंद्याला लागली होती. भात परवडत नाही ही तक्रार खरी आहे. मजुरी, नांगरणी, मळणी धरली तर कोरगुटाच्या पोत्यात काही उरत नाही. मासळीला मात्र भाव चढत होता. पावणीची रक्कम वाढत गेली तसा ठेका आधी फेब्रुवारीपर्यंत, मग मे अखेरपर्यंत, आणि शेवटी वर्षभराचा झाला. ठेकेदाराचं गणित सरळ होतं: जितक्या भरत्या आत येतील तितकी सुंगटं. पावसाळ्यातही रात्री दाराखाली बांबूचा टेकू देऊन दार उघडं ठेवलं जाऊ लागलं.

दार असं अर्धवट टेकवलं की काय होतं, हे ओहोटीच्या वेळी मानशीवर ओणवं होऊन बघावं. पाणी गाळ्यातून सरळ न जाता दाराच्या कडेला आपटतं, वळतं आणि चिऱ्यांच्या बाजूच्या मातीवर भोवरा धरतं. तिथली माती रोज चिमूटभर जाते. तळाच्या फरशीखाली पोकळी होते. वरून बांध धडधाकट दिसतो. त्यात बांधाच्या पोटात कुर्ल्यांची बिळं. पूर्वी ती हाताने चाचपून चिखलाच्या गोळ्यांनी बुजवत. बांधाच्या बाहेरच्या अंगाला असलेली तिवरं-कांदळांची झालर जाळी टाकायला जागा व्हावी म्हणून काही भागात तोडली गेली होती. नेमका तोच भाग खनिजाच्या बार्जांच्या लाटा वर्षानुवर्षं अंगावर घेत आला होता. खाणी २०१२ साली बंद पडल्या तेव्हा लाटा थांबल्या, पण झिजलेला बांध परत भरला गेला नाही.

फोंडा तालुक्यात भोम, दुर्भाट या भागांत पौषात बांधावर मातीची मगर घडवून तिची पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात. कुंभारजुवे कालव्यात मगरी खरोखरच आहेत. पण मला या विधीत आणखी एक गोष्ट दिसते: कापणी झाल्यावर, खारं पाणी चढत असताना, सगळा गाव एकदा बांधावर येतो आणि मानशीपाशी उभा राहतो. आमच्या खाजनावर असं वर्षातून एकदाही कुणी उभं राहत नव्हतं.

भाद्रपद ते माघ

अमावास्येच्या पहाटे भगदाड पडलं, तेव्हा आत आलेलं पाणी खारं नव्हतं. आम्ही त्याच आठवड्यात नमुने घेतले, ते मचूळ होते. सखल कुणग्यांत फुलोऱ्यावरचं भात चार दिवस बुडालं आणि कुजलं. वरची शेतं वाचली. मानशीवर ज्यांचा जन्म गेला असे एक म्हातारे बाबा तेव्हा बांधावर बसलेले होते. ते म्हणाले, "मास्तर, हे पाणी जमिनीला मारणारं नव्हे. अष्टमीच्या भांगाला मेढी ठोकून चिखल घातला तर चार दिवसांचं काम. दिवाळीपर्यंत नाही बुजवलं, तर यंदाचं सोडाच, पुढचंही गेलं म्हणून समजा."

त्यांच्या बोलण्यात सगळं भूगोलशास्त्र होतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग यांत पाण्याच्या चढ-उताराचा मोठा फरक असतो. भांगाला भगदाडातून कमी पाणी, कमी वेगाने जातं, म्हणून बुजवण्याचं काम तेव्हाच. माडाच्या खोडांच्या नाहीतर बांबूच्या मेढींच्या दोन ओळी, मधे चिखल आणि पेंढा, मागे चिरे. नदी अजून गोडी आहे, तोवर काम उरकलं तर जमिनीला मीठ लागत नाही. निसर्गाने दिलेली ही सवलत भाद्रपद-आश्विनापुरतीच असते.

ते दोन महिने पत्रांत गेले. संघटनेची निवडणूक झाली नव्हती, त्यामुळे सही कोणाची चालेल हा पहिला प्रश्न. एका कचेरीने सांगितलं, डागडुजी संघटनेची. संघटना म्हणाली, पैसे पावणीचे, आणि ठेकेदाराने शेवटचा हप्ता दिलेला नाही. ठेकेदार म्हणाला, मानस फुटली म्हणून माझंच नुकसान झालं. दुसऱ्या कचेरीने अंदाजपत्रक मागितलं. ते होईपर्यंत भगदाड रुंद झालं होतं, म्हणून नवं अंदाजपत्रक. यात कुणी लबाडी केली असं मला दाखवता येणार नाही. प्रत्येकजण आपापल्या कागदापुरता बरोबर होता. पण या साखळीतल्या एकाही कागदावर नदीचा महिना लिहिलेला नव्हता. बांध फुटणं ही आग लागण्यासारखी घटना आहे, आणि तिच्यावर इमारतीच्या रंगकामासारखी निविदा निघाली, हे मला आजही पटत नाही.

दरम्यान प्रत्येक भरतीला चाळीस हेक्टरांवर पसरणारं पाणी त्या एका तोंडातून आत-बाहेर करत होतं. दर उधाणाला तोंड खोल होत गेलं. कार्तिकात आमचे नमुने चढू लागले, मार्गशीर्षात पाणी सरळ खारं. माघात शेतात उतरलो, तर ओहोटीनंतर चिखलावर पांढरी साय धरली होती आणि ढेकूळ चाखल्यावर जीभ चरचरली. खाजनाच्या काठावरच्या दोन विहिरींचं पाणी भातात घालण्याजोगं राहिलं नाही, वाड्यातल्या माडांच्या झावळ्या टोकांकडून करपल्या. शेत मेलं ते या महिन्यांत. भाद्रपदातल्या त्या पहाटे नव्हे.

पुढच्या पावसाने मीठ धुतलं गेलं नसतं का, असं मुलांनी विचारलं. बरंचसं गेलंही असतं, कारण आषाढात नदी पुन्हा गोडी झाली. पण भरती थांबली नव्हती. रोज दोनदा पाऊण पुरुष पाणी चढणाऱ्या जमिनीत बियाणं टाकणार कुठे? आणि पाऊस संपताच पुन्हा खारं.

नवं रान

दुसऱ्या वर्षाअखेर शेतात तिवरांची रोपं दिसली, चरांच्या कडेने मारांडी माजली. तिसऱ्या वर्षी कंबरेएवढं रान. बगळे, खंड्या, पाणकावळे आले. चिखलात कुर्ल्या, पोंयीत चोणकाची पिल्लं. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जे बघायला लोक होडीतून जातात, ते आमच्या कुणग्यांत आपोआप उगवत होतं. मला ते पाहून आनंद झाला हे लपवत नाही. खारफुटी काठ धरून ठेवते, मासळीची पिल्लं सांभाळते, लाटेचा जोर मोडते. ती बांधाच्या बाहेर राखली असती तर हा बांध कदाचित फुटलाही नसता.

पण आता पेच कायद्याचा झाला. किनारी नियमन अधिसूचनेत खारफुटी सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहे. २०११ च्या त्याच अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि त्यात खाजन जमिनींचं रक्षण करावं असंही म्हटलं आहे. खाजन वाचवायचं तर खारफुटी काढावी लागते, खारफुटी वाचवायची तर खाजन विसरावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना एकाच कागदाचा आधार. पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्नच नव्हता. तो उशिराने जन्माला घातला.

ग्रामसभेत दोन तट पडले. ज्यांची शेतं सगळ्यात सखल ती कुटुंबं जुन्याच जागी बांध मागत होती. काहीजण म्हणत होते, राहू दे रान, मासळीची पावणी तरी येते. मी तिसरी बाजू मांडली आणि अखेर तीच थोड्या बदलाने मान्य झाली: जुना बांध सोडून आत, जिथे रान अजून विरळ होतं, तिथे नवा बगलबांध घालायचा. दाट झालेली खारफुटी त्याच्या बाहेर राहील आणि बांधाची झालर होईल. जमिनीचा तिसरा हिस्सा नदीला जाईल. परवानग्या, मोजणी आणि माती यांत आणखी दोन उन्हाळे गेले. काम मात्र भांगाचे दिवस धरूनच केलं गेलं, त्यासाठी बाबांना खुर्चीत बसवून बांधावर आणलं होतं.

नव्या मानशीला जुनीच रचना ठेवली. काहींना पोलादी दार आणि चाक हवं होतं. मी विरोध केला. चाक फिरवायला माणूस लागतो, आणि चाक ज्याच्या हातात त्याच्या सोयीने ते फिरतं. लाकडी दार भरतीच बंद करते.

पहिल्या पावसाळ्यात काहीच पेरलं नाही. नुसतं पावसाचं पाणी साठवायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा साठवायचं. त्या चार महिन्यांत बाहेर जाणाऱ्या पाण्याची क्षारता हळूहळू उतरत गेल्याचं मुलांच्या वहीत स्पष्ट दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यात कोरगुट टाकायचं ठरलं, तर गावात बियाणंच नव्हतं. पाच वर्षांत कणग्या रिकाम्या झाल्या होत्या. नदीपलीकडच्या एका गावातून मागून आणलं. वरच्या कुणग्यांत बरं उगवलं, पोंयीजवळ ठिगळं पडली. तिथे यंदा पुन्हा नुसतं धुणं चालू आहे.

पावणीच्या करारात आता तीन कलमं नवी आहेत. ठेका कापणी संपल्याची नोंद झाल्यावर सुरू होतो आणि मे अखेर संपतो. दाराला टेकू दिलेला आढळला तर अनामत जप्त. आणि पावणीच्या रकमेतला ठरलेला वाटा वेगळ्या खात्यात राहतो, ज्यातून बांध फुटला तर कुणाच्याही मंजुरीची वाट न बघता पुढच्या भांगाला मेढी ठोकता येतील. तिसरं कलम मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे. बांधावर फिरायला महिना पगारावर एक तरुण ठेवला आहे. तो बाबांच्या नात्यातला.

बगलबांधाच्या बाहेर ज्यांची शेतं राहिली त्या कुटुंबांचं काय, हे ठरलेलं नाही. सातबाऱ्याच्या जागी इथे जो एक-चौदाचा उतारा असतो, त्यावर ती अजूनही भातशेतीच आहे आणि प्रत्यक्षात तिथे डोक्याइतकी उंच तिवरं आहेत. मासळीच्या पावणीतला वाटा त्यांना कायमचा द्यावा असा ठराव मी आणि आणखी काहीजणांनी मांडला आहे. तो पुढच्या सभेत येईल.